जहाजावरच्या रेडिओचा कुलवृत्तांत

रिचर्ड कर्टिस यांच्या ‘द बोट दॅट रॉक्ड’ या चित्रपटाच्या शेवटी जहाज बुडू लागते. मदत पाठवायची नाही, असे सरकारने ठरवलेले असते. खाली खोल्यांमध्ये पाणी शिरलेले असताना बॉब नावाचा निवेदक स्वतःचा जीव सोडून रेकॉर्डांच्या मागे लागलेला असतो आणि कार्ल हा पोरगा त्याला ओढून वर काढतो. फिलिप सिमोर हॉफमनने साकारलेला ‘काउंट’ अखेरपर्यंत माइक सोडत नाही. मग समुद्रावर लहानमोठ्या होड्या दिसू लागतात. त्या नौदलाच्या नसतात. ज्या लोकांनी रात्र रात्र उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून या माणसांचा आवाज ऐकला, ते श्रोतेच आपापल्या बोटी काढून आलेले असतात.

१ एप्रिल २००९ रोजी हा चित्रपट ब्रिटनमध्ये लागला. तिथल्या समीक्षकांनी त्याला फारसे डोक्यावर घेतले नाही. अमेरिकेत तो वीसेक मिनिटांनी कापून ‘पायरेट रेडिओ’ या नावाने दाखवला गेला. लांबण आहे, बायकांच्या वाट्याला धड भूमिका नाहीत, विनोद अधूनमधून पोरकट होतो, हे सगळे खरे. तरीही मला तो मनापासून आवडतो. गाणे लागल्यावर माणसांचे चेहरे कसे बदलतात हे इतक्या प्रेमाने दाखवणारे चित्रपट थोडे आहेत. स्वयंपाकघरात भांडी घासणारी बाई, वसतिगृहातल्या पोरी, रात्रपाळीचे कामगार असे सगळे एकाच क्षणी एकच गाणे ऐकत आहेत, हे दृश्य कर्टिस पुन्हा पुन्हा दाखवतात आणि त्याचा कंटाळा येत नाही.

मात्र ‘रेडिओ रॉक’ हे जहाज १९६६ साली उत्तर समुद्रात आले कुठून, हे चित्रपट सांगत नाही. तिथे सगळा मामला म्हातारे, कोरडे सरकार विरुद्ध तरुण, गाणारी पोरे असा सरळ आहे. प्रत्यक्षात या जहाजाला भलेमोठे खानदान आहे. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात, तसा याचा काढायला बसले तर दोन वेगळी कुळे सापडतात. एक बंडखोरांचे, दुसरे जाहिरातदार व्यापाऱ्यांचे. या दोन कुळांची सोयरीक जहाजावर झाली, आणि तिथून पुढचे गाणे जन्मले.

बंडखोरांचे कूळ डब्लिनपासून धरायला हवे. एप्रिल १९१६ मध्ये ईस्टरच्या आठवड्यात आयरिश क्रांतिकारकांनी शहराचे मुख्य टपाल कार्यालय ताब्यात घेतले. त्याच्याच समोर बिनतारी तारायंत्र शिकवणारी एक शाळा होती. युद्धामुळे ती बंद होती आणि तिची यंत्रे सुटी करून ठेवलेली होती. जोसेफ प्लंकेट यांच्या सांगण्यावरून काही जण तिथे घुसले, यंत्र जोडले आणि मंगळवारपासून मोर्सच्या कट्-कडकट्मध्ये आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा हवेत सोडू लागले. तोवर बिनतारी संदेश बहुतेक वेळा एका ठिकाणाहून ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणी जात असे. हा संदेश कोणा एकासाठी नव्हता. समुद्रावरच्या ज्या कुठल्या जहाजाच्या कानी पडेल त्याने तो जगाला सांगावा, एवढाच हेतू होता. म्हणून काही अभ्यासक याला जगातले पहिले रेडिओ प्रसारण मानतात.

त्या उठावात ‘द ओ’रहिली’ या नावाने ओळखला जाणारा एक नेता होता. उठावाची वेळ चुकते आहे असे त्याचे मत होते आणि त्याने विरोधही केला होता. तरी उठाव झालाच म्हटल्यावर तो आपली मोटार घेऊन सामील झाला आणि मूर स्ट्रीटवर इंग्रजांच्या गोळ्यांनी पडला. त्याच्या नातवाचे नाव रोनन ओ’रहिली. १९६४ साली ईस्टरच्याच दिवसांत जहाजावरून रेडिओ सुरू करणारा तो हाच.

या कुळाची एक फांदी मुंबईतही आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्याने ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलवावा लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला तेव्हाही प्रसारण चालूच होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. जहाजावरच्या पोरांचे धाडस मी कमी लेखत नाही, पण ही नोंद मला इथे करायचीच आहे. सरकारच्या नाकावर टिच्चून हवेत आवाज सोडण्याची खरी किंमत या लोकांनी मोजली होती.

दुसरे कूळ व्यापाऱ्यांचे. ते जास्त गजबजलेले आहे आणि चित्रपटात त्याचा मागमूसही नाही.

ब्रिटनमध्ये रेडिओवर बीबीसीची मक्तेदारी होती. तिचे पहिले प्रमुख जॉन रीथ हे धार्मिक वृत्तीचे, कडक शिस्तीचे गृहस्थ. रविवारी लोकांनी प्रवचन आणि गंभीर संगीत ऐकावे अशी त्यांची धारणा होती. रविवारी मजा हवी असलेला श्रोता मग रेडिओची सुई दुसरीकडे फिरवू लागला. १९३१ साली कॅप्टन लिओनार्ड प्लग या उद्योजकाने फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या फेकाँ गावच्या केंद्राकडून वेळ विकत घेतली आणि तिथून इंग्रजी कार्यक्रम, नाचगाणी आणि जाहिराती दक्षिण इंग्लंडवर सोडायला सुरुवात केली. हे रेडिओ नॉर्मंडी. दोन वर्षांनी रेडिओ लक्झेंबर्गची इंग्रजी सेवा आली. ओव्हलटीन कंपनीने तिथे मुलांचा कार्यक्रम चालवला आणि अख्ख्या देशातली पोरे रविवारी संध्याकाळी एका परक्या देशाचे केंद्र लावून बसू लागली. बीबीसीला यात काहीच करता येईना. कायद्याला सीमा असते, लहरींना नसते, हे या मंडळींनी पहिल्यांदा ओळखले आणि त्यातून पैसा उभा केला.

याच काळाची पुनरावृत्ती वीस वर्षांनी आपल्या अंगणात झाली. ती मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवी, कारण तिच्या मध्यभागी एक मराठी माणूस आहे.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पॅरिसला शिकलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी देशाचा कान बिघडतो आहे, हे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लावली, लावायच्या गाण्यांची छाननी सुरू केली. चित्रपट निर्मात्यांशी वाद वाढला आणि पाहता पाहता हिंदी सिनेमाचे गाणे आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. लता, रफी, शंकर-जयकिशन, नौशाद ऐन भरात असताना देशाच्या रेडिओवर त्यांना जागा उरली नाही.

इकडे कोलंबोत एक दणकट शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी उभारलेला. युद्ध संपले, सिलोन स्वतंत्र झाले आणि यंत्र रेडिओ सिलोनच्या हाती आले. त्यांनी व्यापारी सेवा सुरू केली होती आणि क्लिफर्ड डॉड हा ऑस्ट्रेलियन माणूस ती चालवत होता. भारतात गाणी हवी असलेले कोट्यवधी लोक आहेत आणि त्यांच्या सरकारने ती देणे बंद केले आहे, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे, टेपा विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून समुद्र ओलांडून लहरींवरून परत आपल्याच घरात यायच्या. डिसेंबर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सयानी यांना आठवड्याला २५ रुपये मिळत. पहिल्या कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रे आली आणि ती एकट्याने तपासताना दमछाक झाली, असे ते सांगत. त्याच केंद्रावर ‘ओव्हलटीन फुलवारी’ नावाचाही कार्यक्रम होता. लक्झेंबर्ग ऐकणाऱ्या मुलांना लागलेला ओव्हलटीनचा तोच डबा इथेही आला होता. दोन्ही ठिकाणी सरकारने बाहेर काढलेले गाणे व्यापाऱ्याने उचलले आणि परक्या मुलुखातून घरपोच केले.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे आणि सत्तर वर्षे ती होत आली आहे. मला ती पुरेशी न्याय्य वाटत नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीतला, आकाशवाणी संगीत संमेलनही. राजेरजवाड्यांचा आश्रय संपलेल्या किती गवयांची चूल या धोरणावर पेटली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. सिनेमाचे गाणे नको म्हटल्यावर केंद्रांना स्वतः सुगम गाणी तयार करावी लागली. कवी, संगीतकार, वादक यांना काम मिळाले. ज्या दशकात फिल्मी गाणे हद्दपार होते त्याच दशकात, १९५५ च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. सीताकांत लाड, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्यामुळे दर आठवड्याला नवे गीत असे वर्षभर महाराष्ट्राने ऐकले. ते बंदीमुळे झाले असे म्हणणे चूक ठरेल. पण ज्या केंद्राला आपले गाणे आपणच घडवायची सवय लागली होती, त्याच केंद्रात ते घडू शकले, इतके मी म्हणेन.

इंग्लंडातही नेमकी अशीच गोष्ट आहे आणि चित्रपट ती गाळतो. बीबीसी दिवसाला पाऊण तासही पॉप संगीत लावत नव्हती, असे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. यामागे निव्वळ सोवळेपणा नव्हता. वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी बीबीसीचा करार होता. रेकॉर्ड वाजवण्यासाठी ठरावीक तासच मिळत आणि बाकी वेळी हाडामांसाच्या वादकांना बोलवावे लागे. म्हणून बीटल्स स्वतः स्टुडिओत येऊन गात. १९६२ ते १९६५ या काळात त्यांनी बीबीसीसाठी ८८ वेगवेगळी गाणी गायली. त्यातली कित्येक त्यांनी तेव्हा रेकॉर्डवर काढलीच नव्हती. तासांची कंजुषी नसती तर तो खजिना आज हाताशी नसता. मात्र सोळा वर्षांच्या पोराला त्याचे काय? त्याला आवडती रेकॉर्ड, आहे तशी, आत्ता आणि दिवसभर हवी होती.

लक्झेंबर्ग युद्धानंतर पुन्हा सुरू झाले होते, २०८ मीटरवर, रात्री. आवाज जायचा-यायचा. शिवाय तिथली वेळ मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी विकत घेतलेली असे. त्या आपलीच गाणी लावत आणि जास्त गाणी बसावीत म्हणून अर्ध्यावर तोडत. लंडनमध्ये रोनन ओ’रहिली तेव्हा जॉर्जी फेम या गायकाचे काम पाहत होता. त्याची रेकॉर्ड घेऊन तो बीबीसीकडे गेला, लक्झेंबर्गकडे गेला. दोन्हीकडे दार बंद. आपल्या गायकाला कोणी वाजवणार नसेल तर आपणच रेडिओ काढू, असे त्याने ठरवले. चोविसाव्या वर्षी असले काही सुचते.

जहाजाची कल्पना मात्र त्याची नव्हती. ती डेन्मार्कची. १९५८ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनजवळच्या समुद्रात ‘रेडिओ मर्क्युर’ने नांगर टाकला होता. १९६० मध्ये नेदरलंड्सच्या किनाऱ्यावर ‘व्हेरोनिका’ आली आणि १९६१ मध्ये स्वीडनसमोर ‘रेडिओ नॉर्ड’. या नॉर्डचे जहाज लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२१ साली जर्मनीत बांधलेली शिडांची मालवाहू नौका, मूळ नाव ‘मार्गारेट’. पुढे इंजिन बसले, टेक्सासच्या पैशाने तिच्यावर ट्रान्समीटर चढला आणि ती ‘बॉन जूर’ झाली. १९६२ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांनी एकत्र येऊन कायदे केले, नॉर्ड बंद पडला आणि जहाज नावे बदलत ‘मी अमीगो’ होऊन ॲलन क्रॉफर्ड या ऑस्ट्रेलियन संगीत प्रकाशकाच्या हाती आले. इंग्लंडसमोर रेडिओ काढण्याच्या खटपटीत तो ओ’रहिलीच्या आधीपासून होता. दोघांची जहाजे आयर्लंडमधल्या ग्रीनोर बंदरात तयार झाली. ते बंदर ओ’रहिलीच्या वडिलांचे. साहजिकच ओ’रहिलीची तयारी आधी उरकली.

त्याचे जहाज ‘फ्रेडरिशिया’, मूळची डॅनिश प्रवासी फेरी. पनामाचा झेंडा लावून ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फेलिक्सस्टोसमोर येऊन थांबली. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंत ब्रिटनचा अंमल, त्यापलीकडे खुला समुद्र. २८ मार्च १९६४, शनिवार, दुपारी बारा वाजता सायमन डी आणि ख्रिस मूर यांनी रेडिओ कॅरोलाइन सुरू झाल्याचे जाहीर केले. केनेडींची छोटी मुलगी कॅरोलाइन बापाच्या कार्यालयात खेळत असल्याचा फोटो पाहून नाव सुचले, असे ओ’रहिली सांगत असे. उन्हाळ्यात क्रॉफर्डचे ‘रेडिओ अटलांटा’ आणि कॅरोलाइन एकत्र आले. फेरी आयरिश समुद्रात आइल ऑफ मॅनजवळ गेली, ‘मी अमीगो’ एसेक्ससमोर राहिली आणि उत्तर-दक्षिण अशा दोन कॅरोलाइन झाल्या.

जहाजावरचे काम कसे चाले हे पाहण्यासारखे आहे. डेकवर दीडशे फुटांहून उंच मास्ट, तोच एरियल. मीडियम वेव्हला खारे पाणी फार मानवते. जमिनीवर केंद्र काढायचे तर मास्टभोवती तांब्याच्या तारा पुराव्या लागतात. इथे सगळा समुद्रच ते काम करी, त्यामुळे दहा किलोवॉटचा आवाजही लांबवर खणखणीत पोहोचे. त्रास होता तो हलण्याचा. लाट आली की सुई रेकॉर्डवरून घसरे, म्हणून तिच्या डोक्यावर नाणे ठेवत. खाणे, पाणी, तेल, नव्या रेकॉर्डा आणि श्रोत्यांच्या पत्रांची पोती छोट्या बोटीतून येत. समुद्र खवळला की बोट येत नसे आणि मग त्याच त्या रेकॉर्डा, तेच ते डबाबंद जेवण.

२० जानेवारी १९६६ च्या रात्री वादळात ‘मी अमीगो’चा नांगर सुटला आणि ती वाहत फ्रिंटनच्या किनाऱ्याला लागली. किनाऱ्यावरून दोर टाकून एकेकाला लोंबकळत बाहेर काढले. त्यात पुढे ब्रिटनभर गाजलेला टोनी ब्लॅकबर्न होता. जहाज दुरुस्तीला गेले. कॅरोलाइन बंद पडायची वेळ आली, तेव्हा ब्रिट वाडनर या स्वीडिश बाईने आपले जहाज वापरायला दिले. ती ‘रेडिओ सिड’ची मालकीण होती, स्वीडनच्या सरकारशी एकटीने भांडत आलेली, आणि बाल्टिकमध्ये बर्फ धरल्याने तिचे ‘चीता-२’ रिकामे होते. कर्टिस यांच्या जहाजावर कायम राहणारी बाई एकच, आणि ती स्वयंपाकीण. खऱ्या इतिहासात मात्र कॅरोलाइनचा आवाज एका बाईच्या जहाजाने राखला. अशी व्यक्तिरेखा हाताशी असताना चित्रपटाने ती सोडून द्यावी, याची मला खरोखर हळहळ वाटते.

गाण्याचे वेड ओ’रहिलीकडे होते, धंद्याची शिस्त टेक्सासकडून आली. डॉन पियरसन या टेक्सासच्या व्यापाऱ्याने कॅरोलाइनची बातमी वाचली आणि एवढ्या मोठ्या देशाला एकच जहाज कसे पुरते याचे त्याला नवल वाटले. त्याने अमेरिकन नौदलाचे जुने सुरुंगशोधक जहाज घेतले, त्याला ‘गॅलक्सी’ नाव दिले आणि डिसेंबर १९६४ मध्ये ‘रेडिओ लंडन’ काढले. डॅलसहून बनवून आणलेल्या जिंगल, चाळीस गाण्यांची ठरलेली यादी, घड्याळाच्या काट्यावर चालणारा कार्यक्रम. चित्रपटातल्या निवेदकांना हवे ते लावायची मुभा आहे. रेडिओ लंडनवर दिवसा ती नव्हती. ती मिळाली मध्यरात्रीनंतर, जेव्हा मालक झोपलेले असत. जॉन पील या निवेदकाने तेव्हा ‘परफ्यूम्ड गार्डन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात जाहिराती आणि यादी बाजूला पडल्या, लांबलांब गाणी, कविता आणि श्रोत्यांची पत्रे आली. चित्रपटातला ‘रेडिओ रॉक’ ज्याच्या आठवणीवर उभा आहे तो मुक्त रेडिओ प्रत्यक्षात असा, रात्रीच्या काही तासांपुरता आणि केंद्राच्या शेवटच्या काही महिन्यांपुरता होता.

या धंद्यात खूनखराबाही झाला. टेम्सच्या मुखाशी युद्धकाळातले विमानविरोधी तोफांचे बुरूज उभे होते. त्यातल्या एकावर रेज कॅल्व्हर्टचे ‘रेडिओ सिटी’ चाले. जून १९६६ मध्ये एका ट्रान्समीटरच्या मालकीवरून ऑलिव्हर स्मेडली याच्या माणसांनी तो बुरूज ताब्यात घेतला. स्मेडली युद्धातला मानाचा अधिकारी, खुल्या बाजारपेठेचा कट्टर पुरस्कर्ता, ‘अटलांटा’च्या भांडवलदारांपैकी एक. दुसऱ्या रात्री कॅल्व्हर्ट त्याच्या घरी चालून गेला आणि स्मेडलीने त्याला गोळी घातली. स्वसंरक्षण म्हणून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. बीबीसीची मक्तेदारी मोडायला निघालेल्यांत गाण्याच्या प्रेमाने आलेले होते, तसे सरकारी मक्तेदारीच्या तात्त्विक द्वेषाने आलेलेही होते. प्रश्न तरुण-म्हाताऱ्यांचा नव्हता.

सरकारही चित्रपटातल्यासारखे नव्हते. केनेथ ब्रॅनाने रंगवलेला मंत्री जुन्या वळणाचा, उच्चभ्रू. प्रत्यक्षात सत्ता हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाची होती आणि या जहाजांमागे लागलेले मंत्री टोनी बेन हे पुढे ब्रिटिश डाव्यांचे दैवत बनले. त्यांच्या दृष्टीने हवेतल्या लहरी जनतेच्या होत्या आणि पनामाचा झेंडा लावून त्या कोणी बळकावणे म्हणजे सार्वजनिक मालमत्तेवर व्यापाऱ्याने घातलेला हात होता. त्यांच्या बाजूलाही वजन होते. युरोपात मीडियम वेव्हची वाटणी १९४८ च्या कोपनहेगन करारात झाली होती, जहाजे दुसऱ्याच्या वाट्याच्या लहरी वापरत आणि रेकॉर्ड वाजवल्याचे मानधन कलावंतांना देत नसत.

कायदा आला तो हुशारीने. खुल्या समुद्रात परक्या झेंड्याखालच्या जहाजाला हात लावता येत नाही. मग जहाजाला सोडून त्याच्याकडे जाणाऱ्या वाटाच तोडल्या. ब्रिटिश नागरिकाने तिथे काम करणे, जाहिरात देणे, अन्न-पाणी-तेल पोहोचवणे गुन्हा ठरला. १४ ऑगस्ट १९६७ ची मध्यरात्र ही मुदत होती. रेडिओ लंडन त्या दिवशी दुपारी तीन वाजता बीटल्सचे ‘अ डे इन द लाइफ’ लावून बंद झाले. निवेदक रेल्वेने लंडनला आले तेव्हा लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर चाहत्यांची झुंबड उडाली होती, पोरे रडत होती. होड्या घेऊन येणारे चित्रपटातले श्रोते हेच, फक्त ते फलाटावर आले होते. कॅरोलाइनवर जॉनी वॉकर आणि रॉबी डेल यांनी मुद्दाम मध्यरात्र ओलांडली आणि त्या क्षणापासून ते गुन्हेगार झाले. आइल ऑफ मॅनच्या संसदेने हा कायदा नाकारला, तर लंडनने तो तिच्यावर लादला. मार्च १९६८ मध्ये पैसे संपले आणि थकबाकीपोटी दोन्ही जहाजे ओढून ॲमस्टरडॅमला नेली गेली.

तोवर सरकारने नेहमीचे काम करून टाकले होते, म्हणजे तेच गाणे स्वतः लावायला घेतले होते. स्वीडनमध्ये नॉर्ड आला तेव्हा सरकारी रेडिओने १९६१ मध्ये ‘मेलोडीरादिऑन’ काढला. डच सरकारी रेडिओने १९६५ मध्ये ‘हिल्व्हर्सम ३’. बीबीसीने ३० सप्टेंबर १९६७ च्या सकाळी सात वाजता ‘रेडिओ १’ सुरू केले. पहिला आवाज टोनी ब्लॅकबर्नचा, म्हणजे फ्रिंटनला दोरावरून उतरलेल्या त्याच पोराचा. जिंगल डॅलसच्या त्याच कंपनीच्या, फक्त त्यात नाव बदलून ‘रेडिओ १’. जॉन पीलही तिथेच आला आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. कॅरोलाइनवरचा वॉकरही दोन वर्षांनी गेला.

आपल्याकडे हे दहा वर्षे आधी झाले होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्रिपदावर असतानाच, आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि हद्दपार गाणे घरी आले. पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिला जे वळण लावले त्यात व्यापारी घाई नव्हती. गाण्याआधी गीतकाराचे नाव घ्यायची तिची रीत मला आजही फार मोलाची वाटते. जाहिराती आल्या त्या १९६७ च्या नोव्हेंबरात, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. समुद्रावरची जहाजे बंद करून लंडनने रेडिओ १ काढल्याला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. गीतमाला मात्र आणखी वीसेक वर्षे कोलंबोहूनच ऐकू येत राहिली.

‘मी अमीगो’ तिथे संपली नाही. १९७२ मध्ये ती पुन्हा समुद्रात गेली आणि कॅरोलाइन परत बोलू लागली, या वेळी अधिक फाटक्या खिशाने. १९ मार्च १९८० च्या रात्री वादळात तिला खालून भगदाड पडले. शीअरनेसच्या बचावबोटीने उसळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा जवळ जाऊन चौघा माणसांना आणि एका कॅनरी पक्ष्याला उतरवून घेतले. पक्ष्याचे नाव होते विल्सन, माजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्यावरून ठेवलेले. जहाज बुडाले, पण मास्ट पाण्यावर कित्येक वर्षे उभा होता. सरकार बुडणाऱ्या निवेदकांकडे पाठ फिरवते असे चित्रपटात आहे. खऱ्या रात्री जीव धोक्यात घालून आलेले लोक कुणा पक्षाचे किंवा केंद्राचे नव्हते, ते किनाऱ्यावरचे स्वयंसेवक होते, आणि त्यांचे नाव या कथेत यायलाच हवे.

१९८३ मध्ये कॅरोलाइनने ‘रॉस रिव्हेंज’ नावाचे मासेमारीचे जुने जहाज घेतले. तेही १९९१ मध्ये गुडविन सँड्सच्या वाळूत रुतले आणि समुद्रावरचे पर्व संपले. जहाज वाचवले गेले, आता ते एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर नदीत उभे आहे आणि स्वयंसेवक त्याची डागडुजी करतात. ओ’रहिली २०२० मध्ये वारला. त्याआधी, २०१७ मध्ये, कॅरोलाइनला ब्रिटिश सरकारी यंत्रणेकडून मीडियम वेव्हचा रीतसर परवाना मिळाला, तो त्याच्या हयातीतच. दिलेली लहर ६४८ किलोहर्ट्झची. २०११ पर्यंत तिच्यावरून बीबीसीची जागतिक सेवा जात असे.